डाव्या बाजूची काडी

चष्म्याची जुनी, सेल्युलॉइडची शेल फ्रेम तापली की तिला कापराचा वास येतो. आरतीच्या तबकातला प्रसन्न कापूर नव्हे. बंद पेटीत वर्षानुवर्षे कोंडलेला, किंचित आंबलेला. धुळ्याला आमच्या चष्म्याच्या दुकानात गरम वाळूची एक चौकोनी पेटी होती. वाकलेली फ्रेम नाना त्या वाळूत खुपसून ठेवत, ती मऊ पडली की बाहेर काढत आणि दोन्ही अंगठ्यांनी हलकेच सरळ करत. नाना म्हणजे माझे वडील. त्यांच्या बोटांना, सदऱ्याच्या बाह्यांना, जेवताना त्यांनी मोडलेल्या भाकरीलाही तो वास असे. सुखाचा वास कोणता, असे मला लहानपणी कुणी विचारले असते, तर मी हाच सांगितला असता.

त्या वाळूत शिरणाऱ्या बहुतेक फ्रेमा माणसांच्या हातांनी वाकलेल्या असतात, हे मला उशिरा कळले.

सोनगीरकडची एक बाई वरचेवर येई. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला आणि मुठीत चष्मा. "चस्मा पडी गया, नाना," ती म्हणे. नाना चष्मा काउंटरच्या काचेवर पालथा ठेवत. उजवी काडी काचेला टेकलेली आणि डावी हवेत, मोडलेल्या पंखासारखी. ते काही विचारत नसत. फ्रेम तापवून सरळ करत, बिजागरीचा स्क्रू आवळत आणि तिच्या हातात देत. एकदा ती आली तेव्हा काच फुटलेली होती आणि काचेचा एक तुकडा तिच्या भुवईत रुतलेला होता. भुवईवरून ओघळलेले रक्त पापणीच्या केसांवर सुकून काळे पडले होते. "पाय घसरना," ती म्हणाली. नानांनी चिमट्याने तो तुकडा काढला, कापूस दाबून धरला आणि तिला दवाखान्याचा रस्ता दाखवला.

ती गेल्यावर मी विचारले, "नाना, ती पडते कशी एवढी?"

"पडलेला चष्मा असा वाकत नाही," हात धूत ते म्हणाले. "उजव्या हाताची चपराक डाव्या कानापाशी बसते. म्हणून बायकांची डावी काडी वाकते. नेहमी डावीच."

"मग तुम्ही तिला काही बोलत का नाही?"

"मी फ्रेम सरळ करतो, बाळ. माणसं सरळ करायचं दुकान वेगळं असतं."

हे त्यांनी हसत सांगितले होते. भांड्यातल्या पाण्यात लाल धागा सुटून विरघळत होता, आणि मी त्याच्याकडे पाहत होते.

हा धंदा आमच्याकडे आजोबांपासूनचा. ते पत्र्याच्या पेटीत चष्मे घालून आठवडे बाजार फिरत. तेव्हा नंबर काढायचे यंत्र नव्हते. समोर आलेल्या म्हाताऱ्याच्या नाकावर ते एकामागून एक चष्मा ठेवत आणि हातात सुई-दोरा देत. ज्या चष्म्याने दोरा सुईत गेला, तो त्याचा चष्मा. तारेच्या गोल फ्रेमा, कानामागे आकड्यासारख्या वळलेल्या काड्या. काडी तुटली तर तिथे सुतळी. पुढे नानांनी काच घासायचे दगडी चाक आणले. पाण्याखाली फिरणाऱ्या चाकावर काच टेकली की अशी किंचाळे की रस्त्यावरची गुरे दचकत. खऱ्या काचेचे भिंग फुटले तर डोळ्यात घुसते, म्हणून नंतर फायबर आले. ते फुटत नाही, वजनाला हलके. तोंडावर मार बसला तरी डोळा वाचतो, असे दुकानदार सांगत, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही भयंकर वाटत नसे.

माझा स्वतःचा नंबर शाळेतच वाढत गेला. वितीपलीकडचे जग मला दुधात बुडवल्यासारखे दिसे. नानांनी पहिला चष्मा माझ्या नाकावर ठेवला आणि मला दुकानाच्या पायरीवर उभे केले. रस्त्याच्या मधोमध सकाळपासून एक लाल फडके पडलेले होते. मला त्याचा रंग आवडला होता. चष्म्यातून पाहिले तर ते ट्रकखाली आलेले कुत्रे होते. त्याचे दात दिसत होते. नाना कौतुकाने विचारत होते, "काय काय दिसतंय?" आणि मी त्यांच्या खुशीसाठी म्हणाले, "सगळं."

लग्नासाठी मला बघायला पाहुणे यायचे ठरले तेव्हा आत्याने सुचवले, "तासाभरापुरतं काढून ठेव म्हणावं पोरीला ते ढापण. डोळे किती छान आहेत तिचे."

नाना कधी नव्हे ते चिडले. "माझ्या मुलीला चष्म्यासकट बघतील. नको असेल तर चहा पिऊन जातील."

चष्म्यासकटच पसंती आली. मुलगा सावद्याचा, केळीच्या व्यापारातला. बोलणे मऊ, नखे स्वच्छ. पहिल्या दिवाळीला तो धुळ्याला आला, तेव्हा नानांना कोण आनंद झाला होता! जावयाला दुकानात बसवून त्यांनी चहा मागवला आणि आपल्या कसबाच्या गोष्टी रंगवून सांगितल्या. वाळूची पेटी दाखवली. वाकलेली एक फ्रेम काचेवर ठेवून म्हणाले, "हे बघा. मला कुणाच्या घरात डोकवायला लागत नाही. चष्मा काचेवर सपाट बसला की समजायचं, घर सुखात आहे. डावी काडी उचलली, की हात चालतो."

माझा नवरा सगळ्यांत मोठ्याने हसला. "आणि माणूस डावखुरा असला तर, नाना?"

"मग उजवी काडी!" नाना म्हणाले, आणि दुकानभर हशा पिकला. मीही हसले.

सावद्याला परतल्यावर काही दिवसांनी वरण खारट झाले. ताट भिंतीवर आदळले, आणि पिवळे ओघळ खाली उतरत असताना तो शांतपणे माझ्यासमोर उभा राहिला.

"चष्मा काढ," तो म्हणाला.

मला वाटले, त्याला माझ्या डोळ्यांत बघायचे आहे. मी काढला. त्याने तो माझ्या हातातून घेतला, आधी डावी काडी मिटली, मग उजवी, आणि फ्रिजवर नीट ठेवला. मग मारले.

चष्म्याशिवाय मार खाणे हे निराळेच असते. हात येताना दिसत नाही. समोर एक फिकट ढग हलतो आणि त्या ढगातून हाड बाहेर येते. कुठे वाकावे, काय झाकावे, कळत नाही. अंग आपले सगळीकडूनच आकसते. मला आठवतो तो त्याच्या मनगटाचा वास, केळीच्या चिकाचा, तुरट, कपड्यावर पडला की काळा होणारा आणि कधीही न निघणारा. आठवतो कानात उठलेला आवाज. नानांच्या चाकावर काच टेकावी तसा. ओठ दातांत सापडून फाटला होता आणि तोंडात गंजलेल्या खिळ्याची चव पसरली होती. पलीकडच्या खोलीत सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

नंतर त्याने चष्मा आणून दिला. सदऱ्याच्या टोकाने पुसून, उजेडात धरून, डाग राहिला नाही ना बघून. त्या पुसण्याइतके क्रूर मी दुसरे काही पाहिलेले नाही.

पुढे ‘चष्मा काढ’ हे दोन शब्दही लागेनात, नजर पुरे. तो जागचा उठून माझ्याकडे दोन पावले आला, की माझेच हात वर जात. डावी काडी, उजवी काडी, उंच जागा, मग भिंतीकडे तोंड. कधी पट्टा, कधी कुकरचे झाकण, एकदा केळीचे घड कापायच्या विळ्याची मूठ, बरगडीवर. श्वास घेताना आत काहीतरी खुपे. सासूबाई हळद-तेल आणून देत आणि पुटपुटत, "काबरं तोंडाला लागते वं त्याच्या? गप ऱ्हाय ना जरा."

मी गपच होते.

माहेरी गेले की नाना पहिल्यांदा हात पुढे करत. "आण इकडे." मी चष्मा देई. ते तो काउंटरच्या काचेवर ठेवत आणि खाली वाकून, एक डोळा मिटून, दोन्ही काड्या बघत. दोन्ही टेकलेल्या. फटीतून कागदही जाऊ नये इतक्या. त्यांचा चेहरा उजळे. आतल्या दाराकडे वळून ते आईला हाक मारून सांगत, "सपाट बसतोय गं! बरं चाललंय आपल्या लेकीचं." आई सुटकेचा निःश्वास सोडी. पदराखाली माझ्या दंडावर निळे वळ असत, आणि माझ्या सुखाचा पुरावा माझ्याच नाकावर बसलेला असे. त्याच्याविरुद्ध मी काय साक्ष देणार होते? ज्या बाईची फ्रेम वाकत होती तिला निदान फुटलेली काच तरी दाखवता येत होती.

मग एके दिवशी डाव्या डोळ्यात विजा चमकू लागल्या. डोळा मिटला तरी कडेने पांढऱ्या रेघा फुटत. काळी काजळी तरंगू लागली, आणि कोपऱ्यातून एक सावली पडद्यासारखी आत सरकली. जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासले. मोठ्या नंबरचा डोळा आतून ताणलेला असतो, त्याचा पडदा जीर्ण कापडासारखा विरतो, त्या म्हणाल्या. माझा फाटला होता.

"डोक्याला मार लागला होता का?"

"बाथरूममध्ये घसरली," नवरा म्हणाला. "किती वेळा सांगितलं, सांभाळून चाल."

लेझरने फाटका भाग डागण्यात आला. निघताना डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे न बघता माझा हात धरला. "पुन्हा धक्का बसला, तर हा डोळा मी वाचवू शकणार नाही. आणि दुसराही असाच आहे. समजलं?"

मला समजले. त्यालाही समजले असावे, कारण पुढचे काही दिवस तो जपून वागला. मग एका दुपारी, फोन का उचलला नाही यावरून, तो उठला. माझे हात वर गेले. या वेळी त्याने डावीकडे मारले नाही. हात बदलून उजव्या गालावर मारले आणि म्हणाला, "बघ, तुझा डोळा सांभाळला."

दुसऱ्या सकाळी सासूबाई देवळात गेल्या असताना मी एसटीत बसले. धुळ्यापर्यंत मी एकेक डोळा झाकून खिडकीतून बाहेर पाहत होते. केळीच्या बागा, मग कपाशी, मग उघडे माळ. डोळा अजून आहे ना, एवढेच तपासत होते.

आईला मी सगळे सांगितले आणि आईने नानांना. ते वाळूच्या पेटीपाशी बसून राहिले. "पण चष्मा..." एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांचा माझ्यावर अविश्वास नव्हता. आयुष्यभर ज्यावर भरवसा ठेवला, ती गोष्ट खोटी कशी ठरते, हे त्यांना उमगत नव्हते.

दोन दिवसांनी सावद्याहून मंडळी आली. नवरा, सासूबाई आणि समाजातले दोन वडीलधारे. दुकान अर्धे बंद करून तिथेच बैठक बसली. मला परत पाठवायचे की नाही, हे ठरायचे होते. म्हणजे माझे डोळे राहतील की नाही, हेच.

"हात लावला असेल तर खूण दाखवा," नवरा म्हणाला. आवाज मऊ होता. "गालाला केळीचा क्रेट लागला तिच्या. तिला विचारा."

"काय गं पोरी?" वडीलधाऱ्यांतले एक आबा म्हणाले. "भांडण कोणाकडे नाही? आमची म्हातारी तर मलाच मारते!" दोघे-तिघे हसले.

मग नवऱ्याने नानांकडे वळून हात जोडले. "नाना, तुम्हीच न्याय करा. तुम्ही तर चष्म्यावरून घर ओळखता. तिचाच चष्मा बघा. मला तुमचा निकाल मान्य आहे."

नानांनी हात पुढे केला. मी चष्मा दिला. त्यांनी काचेवर ठेवला, खाली वाकले, एक डोळा मिटला. मला फक्त त्यांच्या पाठीचा पांढरा ढग दिसत होता.

"सपाट आहे," ते शेवटी म्हणाले. कोरड्या आवाजात.

"झालं तर मग," आबा उठत म्हणाले. "बठ्ठं बरोबर शे, काही वाकडं नाही. मिटवा आता."

नानांनी चष्मा मला परत दिला. मी तो नाकावर ठेवते आहे तोच नवरा खुर्चीतून उठला. "चल. आटप," म्हणाला, आणि दोन पावले माझ्याकडे आला.

मी काही ठरवले नव्हते. माझे हात वर गेले. मी चष्मा काढला. डावी काडी मिटली, उजवी मिटली. उंच जागा चाचपली, कपाटाचा वरचा कप्पा हाताला लागला, तिथे तो नीट ठेवला. मग भिंतीकडे तोंड करून डोळे घट्ट मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली.

वाट पाहिली. काही आले नाही.

कुणाची तरी बांगडी वाजून थांबली. आतल्या दाराशी उभ्या आईच्या तोंडून एक हुंदका निघाला. आबांनी खाकरायला सुरुवात केली आणि ते अर्धेच राहिले. "असं काय करतेय ही?" नवऱ्याने विचारले, पण त्या आवाजातला मऊपणा गेला होता. मग स्टूल उलटे पडले. कुणाला तरी जोराने मागे ढकलल्याचा, काउंटरवर अंग आदळल्याचा आवाज झाला, काच तडकली, आणि जन्मात कुणावर हात न उगारलेल्या माझ्या वडिलांच्या तोंडून मी जनावरासारखे गुरगुरणे ऐकले.

त्यानंतर तो वास आला, अगदी जवळ. तापल्या शेलचा, कोंडलेल्या कापराचा. माझ्या आणि बाकी सगळ्यांच्या मध्ये कुणीतरी येऊन उभे राहिले होते. माझी मूठ उघडून तीत मिटलेला चष्मा ठेवला गेला. ज्या बोटांनी तो ठेवला ती काचेने कापली होती, ओली होती.

"घाल."