पंपावर घेतलेला आळ

नवरा दोह्याला नोकरीला होता. एका सुट्टीत त्याने जुनी व्हॅन घेतली, महिनाभरात मला चालवायला शिकवली आणि परत गेला. महाडमध्ये तेव्हा गाडी चालवणाऱ्या बायका फारशा नव्हत्या. सासूबाईंचे गुडघे धरलेले असायचे, म्हणून दर गुरुवारी मी त्यांना सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर न्यायचे आणि येताना पेट्रोल भरायचे.

त्या पावसाळ्यात बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं आणि व्हॅन दीड दिवस पाण्यात उभी राहिली. मिस्त्रीने ती धुतली, ऑइल बदललं, चालू करून दिली. त्यानंतर पंपावर एक नवाच त्रास सुरू झाला. नोझल टाकीत घातलं, की जरासं पेट्रोल जायचं आणि खट्ट! बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा खट्ट.

पेट्रोल भरणारा माणूस उमरठच्या वरच्या एका वाडीवरचा होता. तिशीचा, कमी बोलणारा. नोझल असं मध्येमध्ये बंद करून पंपवाले माप मारतात, हे मी कितीतरी जणांकडून ऐकलं होतं. त्यातून बाई एकटी, नवरा परदेशी. माझ्या मनात ते पक्कं बसत गेलं.

एका गुरुवारी पाच-सहा वेळा तसं झालं. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवायला लागले. कोणीतरी म्हणालं, "बाई गाडी चालवायला लागल्यावर असंच होणार." सगळे हसले. माझे कान तापले.

तो माणूस हसला नव्हता. हळू आवाजात म्हणाला, "भाभी, मी नाय बंद करत. तुमच्या टाकीतली हवा भाईर निघत नाय, ती पेट्रोल उलटा ढकलते. एकदा मिस्त्रीला दाखवा."

"मला शिकवू नकोस," मी ओरडले. "माझ्याच गाडीला बरी होते ही हवा! चोरी करतोस आणि वर गाडीचं नाव सांगतोस?"

तरातरा जाऊन मी मालकाला सांगितलं. मालक माझ्या सासऱ्यांना ओळखणारे. त्यांनी त्या माणसाला काहीच विचारलं नाही. "तुम्ही जा घरी, मी बघतो," एवढंच मला म्हणाले. मी गाडी काढली तेव्हा तो नोझल हातात धरून तसाच उभा होता. पुढच्या गुरुवारी तो नव्हता. नवा माणूस होता, आणि पेट्रोल मी त्या दिवशी थोडंच भरलं, खट्ट व्हायच्या आतच झालं. मला बरंच वाटलं, हे कबूल करायला हवं.

पुढच्याच आठवड्यात नणंदेकडे गेले असताना पोलादपूरच्या पंपावर थांबले. टाकी भरायला सांगितली. खट्ट. तिथला म्हातारा वाकून बघत म्हणाला, "बाई, टाकीची हवेची नळी चोंदलीय वाटतं."



महाडला आल्याबरोबर मिस्त्रीकडे गेले. त्याने गाडीखाली शिरून टाकीची एक बारीक नळी सोडवली आणि जमिनीवर आपटली. आतून वाळलेला गाळ पडला, पुराचा. नळी बसवून झाल्यावर टाकी एका दमात भरली.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मालकाला सांगशील ते वेगळं. आधी त्याच्या दारात जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या वाडीवर गेले. डांबरी रस्ता संपला तिथे गाडी लावून वर चढले, विचारत विचारत. तो गोठ्याच्या कुडाच्या भिंतीला कारवीच्या काठ्या बांधत होता. मला बघून उभा राहिला. बायकोने पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"चूक माझी होती," मी म्हणाले. "नळीत गाळ होता."

"मी तेच सांगत व्हतो."

"मी मालकांशी बोलते. तुम्ही परत या कामावर."

त्याने मान हलवली. "नाय भाभी. ज्यांच्यासमोर चोर ठरलो, त्यांच्यासमोर कसा उभा ऱ्हाऊ? मालकानं इचारला नाय, तुमी पन इचारला नाय." आवाज चढला नव्हता. परत खाली बसून त्याने कारवी बांधायला घेतली.

बायको मात्र मला सोडायला खाली गाडीपर्यंत आली. "वाडीतली मानसं अजून इचारतात, काय चोरलान म्हणून," ती म्हणाली. "तुमी लिवून द्याल काय? चोरी केली नाय असा?"

गाडीत डायरी होती. सीटवर ठेवून एका पानावर मी सगळं लिहिलं, खाली सही केली आणि तिला वाचून दाखवलं. तिने कागदाची घडी केली आणि पदराच्या टोकाला बांधली.

तिथून थेट पंपावर गेले. गर्दी होती. मालकांना केबिनमधून बाहेर बोलावलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की दोष माझ्या गाडीचा होता, त्या माणसाने चोरी केली नव्हती. मालक अवघडून म्हणाले, "अहो, एवढं काय त्यात. आता दुसरा माणूस ठेवलाय." रांगेतल्या कितीजणांनी ऐकलं कोण जाणे. त्या दिवशी हसणारे त्यात नव्हतेच.

वर्षभराने उमरठकडच्या एका दूधवाल्याकडून कळलं, की तो बायकोला घेऊन मुंबईला गेला, कुठल्याशा इमारतीवर वॉचमन आहे. त्या कागदाबद्दल मी दूधवाल्याला विचारलं. त्याला काही ठाऊक नव्हतं.