सोल अँड एक्सक्लुझिव्ह

सांगलीत कोर्टाजवळ माझं छोटं वकिली ऑफिस आहे. इंग्रजी करारनामे तपासून देते. या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. वकील एका अर्थाचे दोन-दोन शब्द लिहितात आणि पक्षकार नेमका दुसऱ्याचा अर्थ विचारतो. म्हणून मी ठरवूनच टाकलंय, जादा शब्द माझ्या टेबलावरून पुढे जाऊ द्यायचा नाही.

•

माझ्या सिनियर सरांचा जीव 'टर्म्स अँड कंडिशन्स'वर. ऊसतोडणी मशिनच्या करारासाठी कडेगावचा एक जण आला होता. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "टर्म पाळल्या आन् कंडिशन मोडली, तर चालंल का?"

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "चहा घेणार?"

•

शिराळ्याचे एक रिटायर्ड हेडमास्तर करारावर लाल पेन चालवून आले. 'नल अँड व्हॉइड'भोवती गोल. "नल म्हणजेच व्हॉइड. पुनरुक्ती."

मला कोण आनंद झाला! मी लगेच माझी मराठी प्रत पुढे केली. त्यांनी 'रद्दबातल'भोवतीही गोल केला.

"रद्द आणि बातल. इथंही दोन आहेत, बाई."

•

हळदीच्या एका गोदामाच्या भाडेकरारात मालकाने काय करायचं, तर 'रिपेअर अँड मेन्टेन'. मी रिपेअर खोडलं. म्हटलं, मेन्टेनमध्ये सगळं आलं.

पुढे वाऱ्याने गोदामाचा पत्रा उडाला. मालक म्हणाला, "मेन्टेन करतोय की. उडालाय तसाच ठेवलाय."

चूक सरळ माझी होती आणि ती अजून बोचते. तेव्हापासून आधी कायद्याच्या शब्दांचं पुस्तक उघडते, मग पेन.

•

हौसामावशींचा माळ कवठेमहांकाळकडे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळांचं. पवनचक्कीवाल्या कंपनीला तो माळ तीस वर्षांसाठी हवा होता. मावशींचं म्हणणं एकच. "चक्की फिरंना का. पर खाली माजी मेंढरं चरली पायजेत. न्हाईतर सही न्हाई."

करारात माळाचा वापर कंपनीला 'सोल अँड एक्सक्लुझिव्ह' दिलेला. मी पुस्तक उघडलं. सोल म्हणजे माळ आणखी तिसऱ्या कुणाला द्यायचा नाही, मालकिणीला मात्र वापरता येतो. एक्सक्लुझिव्ह म्हणजे मालकीणसुद्धा बाहेर. म्हणजे मेंढरंही बाहेर.

सहीच्या दिवशी कंपनीचे वकील पुण्याहून आले. मी साळसूदपणे विचारलं, "हे दोन शब्द कशाला?"

"सवय हो, मॅडम. दोन्हीचा अर्थ एकच."

"मग एक खोडू?"

"खुशाल खोडा. कुठलाही."

मी एक्सक्लुझिव्ह खोडला. त्यांनी वाकून पाहिलं आणि चेहरा उतरला. "हा नको. त्यापेक्षा दुसरा..."

"अर्थ एकच आहे ना?" मी म्हटलं आणि खोडलेल्या शब्दाशेजारी सहीची जागा दाखवली. कंपनीचे साहेब शेजारीच बसले होते. वकिलांनी साहेबांकडे पाहिलं. मग त्यांनी मान हलवली आणि साहेबांनी सही केली.

मावशींनी मला हळूच विचारलं, "मेंढरं हाकलणारा शब्द कुठला?" मी बोट ठेवलं. त्यांनी सावकाश सही केली आणि मग त्याच खोडलेल्या शब्दावर पेन दाबून आणखी एक रेघ ओढली.

"आवं मावशी, खोडलाय तो आधीच."

"आसू दे. तुमी वकील लोक समदं दोनदा लिव्हता. मी दोनदा खोडते."