निळ्या टेपचा समुद्र

दिल्लीत बसून समुद्र विकायचा म्हटल्यावर किस्से साठणारच. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आमच्या टूरिझम काउंटरवर दोनच माणसं. मयेकर साहेब आणि मी, टेंपररी. काम एकच, कोकणातल्या सुरूवाडी रिसॉर्टचं बुकिंग. साहेब मूळचे सुरूवाडीचे, आणि आपल्या घरच्या गोष्टीचं आपणच कौतुक करायचं नाही, ही तिकडची रीत त्यांच्या अंगात मुरलेली.

त्यात मुंबईहून ताकीद आली, या सीझनला बुकिंग वाढलं नाही तर काउंटर बंद. साहेबांची बदली होणार होती. माझी तर नोकरीच जाणार होती.

*

एका गुप्ताजींनी विचारलं, "समंदर कितने बजे खुलता है?"

साहेबांनी शांतपणे भरती-ओहोटी समजावली. वेळ रोज बदलते हे ऐकून गुप्ताजी उठले. "अच्छा, सरकारी है."

*

एक प्रोफेसर आले. त्यांना हिस्ट्री हवी होती.

"किला है," साहेब म्हणाले.

"पुर्तगाली आए थे?"

"आए थे. रास्ता पूछकर आगे चले गए."

प्रोफेसरही पुढे गेले.

*

लक्ष्मीबाई नगरच्या कुलकर्णी वहिनींना मुलांना कासवं दाखवायची होती. "नक्की दिसतील ना?"

"वहिनी, कासवांचं बुकिंग आमच्याकडे नसतं. आलीच तर अंडी घालतात आणि निघून जातात, थांबत नाहीत."

वहिनी शिमल्याला गेल्या. मी कपाळाला हात लावला. "साहेब, प्लीज, थोडं गोड बोला ना."

"मी खोटं काय बोललो?"

*

काउंटरमागे सुरूवाडीचं मोठं पोस्टर होतं. पुढे वाळू, मागे सुरूच्या झाडांच्या रांगा. दर पावसाळ्यानंतर साहेबांच्या भावाचा गावाहून फोन यायचा. समुद्र किती आत आला ते ऐकून साहेब पोस्टरवर तेवढी निळी टेप चिकटवायचे. सुरूची पहिली रांग कधीच टेपखाली गेली होती.

"साहेब, ही जाहिरात आहे!"

"असू दे. गिऱ्हाइकाला कळायला नको?"

 

*

सीझन संपत आला आणि मिसेस चावला आल्या. आज तुम्ही बोलायचं नाही, असं मी साहेबांना आधीच बजावलं होतं. बाईंची नजर नेमकी पोस्टरवर गेली.

"ये नीली पट्टी क्या है?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनं नको म्हटलं.

"समंदर," साहेब म्हणाले. "किनारा खा रहा है."

"ओहो. चलो, हम अगले साल देख लेंगे."

"अगले साल का मैं नहीं कह सकता. ये आगे वाला पेड़ है ना, इसके नीचे मैं खेला हूँ. ये शायद नहीं रहेगा."

बाईंनी चष्मा लावून ते झाड नीट पाहिलं. मग दोन खोल्या बुक केल्या आणि तिथूनच किटी पार्टीतल्या मैत्रिणींना फोन लावला, "जल्दी करो, खत्म हो रहा है!"

आठवड्याभरात रिसॉर्ट फुल झालं. गिऱ्हाइकांकडून टेपचा किस्सा ऐकून मुंबईहून मोठ्या साहेबांचा फोन आला. काउंटर राहणार होतं.

"पण मयेकर, ही टेपची आयडिया कोणाची?"

"समुद्राची, सर."