जेवायची हाक

सेतो योकलान काकूंना कुठं मिरवायचं असलं की त्या आधी माझ्या खुर्चीत येऊन बसतात. चिनी वस्तीतल्या पेंडर रस्त्यावरच्या या दुकानात सव्वीस वर्षं त्यांचे केस मीच कुरळे करतेय. वय ब्याऐंशी. त्यांना विचाराल तर सत्त्याहत्तर.

परवा आल्या त्या मानेला टॉवेल स्वतःच गुंडाळत. "नातीनं फिल्म काढलीय. गॅलरीत भिंतीभर दिसणार म्हणे! चांगले घट्ट कर, शनिवारपर्यंत हलता कामा नयेत."

नात म्हणजे जोसेलिन, लेकीची लेक. ती व्हिडिओ आर्ट करते. म्हणजे काय, ते काकूंनी मला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा वेगळंच सांगितलं. पण त्यांचं खरं दुखणं निराळं होतं. आमच्यात जेवायला बसलं की धाकट्यांनी वडीलधाऱ्यांना मानानं एकेक हाक मारायची, 'आजोबा, जेवा', 'आजी, जेवा', आणि मगच जेवायच्या काड्या उचलायच्या. ही पोरगी बसली की थेट खायलाच लागते.

"तिघी बहिणींत मी एकटी उरले," काकू म्हणाल्या. "सणाच्या दिवशी मेलेल्या माणसांचे वाडगे मी मांडते, हाका मी मारते. मी गेले की मला कोण बोलावणार गं? ही?"

मी नुसतं 'मान खाली' म्हटलं.

शनिवारी दुपारी दुकान बंद करून मीही सोबत गेले. भिंतीवर फिल्म चालू होती: गोल टेबल, भरलेले वाडगे, रिकाम्या खुर्च्या. जोसेलिन एकटी बसलेली. आणि ती हाका मारायला लागली, तीही आमच्या मूळ मुलखाच्या, होइपिंगच्या गावठी बोलीत. "पणजोबा, जेवा. पणजी, जेवा. मधल्या मावसआजी, जेवा..."

"अगं ए!" काकू भिंतीवर खेकसल्या. "थोरली आधी! भयंकर मानपानवाली होती ती, ताटावरून उठून जाईल!"

माणसं वळून बघायला लागली. एका चष्मेवाल्यानं तर गंभीर चेहऱ्यानं ते टिपून घेतलं. त्याला वाटलं, हाही कलाकृतीचाच भाग.

शेवटची हाक आजोबांना, म्हणजे काकूंच्या गेलेल्या नवऱ्याला मारून जोसेलिननं काड्या उचलल्या. फिल्म पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. काकूंनी ती तीनदा बघितली, बाकावरून हलल्या नाहीत.

जोसेलिन धावत आली. आईच्या आईला आमच्यात 'पोपो' म्हणतात. "पोपो, कशी वाटली?"

"मी कुठाय त्यात? हे केस काय भिंतीला दाखवू?"

"अगं, ही गेलेल्यांची आहे. तू कुठं गेलीयेस?"

"म्हणजे हाक ऐकायला आधी मरू का मी?"

जोसेलिनचं तोंड एवढंसं झालं. मला काकूंचा रागही आला आणि कीवही.

कोपऱ्यात मुळ्याच्या वड्या ठेवल्या होत्या, तिचे मित्र कागदी बशा घेऊन तुटून पडले होते. तिनं काकूंना हाताला धरून तिथं नेलं. "थांबा रे, कुणी खाऊ नका!" घास हातातच राहिले. ती काकूंकडे वळली. "पोपो, जेवा."

यावर वडीलधाऱ्यांनी 'हं, खा' म्हणायचं असतं. काकूंनी नातीचं मनगट घट्ट धरलं.

"परत म्हण," त्या कशाबशा म्हणाल्या.

"पोपो, जेवा."

"हं. खा गं, खा." त्यांनी डोळे पुसले, वडी तोंडात टाकली आणि भरल्या तोंडानंच बोलल्या, "थोरली आधी, मग मधली. आणि तिच्यामागं मी. लिहून ठेव."