पाण्यात न पडलेला फोन

पोहायला शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे मागून ‘भोंगा’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना मनातून कौतुकच वाटायचं. बंदिस्त तलावाच्या घुमणाऱ्या दालनात ‘हनुवटी वर! गुडघे सरळ!’ असं अर्धं आयुष्य ओरडून हळू बोलायची सवयच मोडली होती. बाजारात त्यांनी भाव विचारला, की पलीकडच्या गल्लीतला दुकानदार उत्तर द्यायचा. फोनवर काही आलं तर तेही त्या खणखणीत आवाजात वाचायच्या. मनातल्या मनात वाचलेलं आपल्या डोक्यात शिरतच नाही, असं त्यांचं म्हणणं.

एकदा सकाळच्या नवशिक्यांना कठडा धरून पाय मारायला लावून बाई बाकावर टेकल्या आणि वाचू लागल्या, ‘‘घडीची सायकल! निम्म्याहून कमी किमतीत! फक्त आज! शेवटच्या तीन शिल्लक!’’

भाजलेल्या पावाच्या वासात आयुष्य काढलेल्या नवऱ्याला भट्टीवर जायला एक सायकल घ्यावी, हे कधीपासून त्यांच्या मनात होतं. त्यांचा अंगठा ‘खरेदी करा’वर गेलासुद्धा.

‘‘बाई, एक मिनिट!’’ पाण्यातून आवाज आला. तो होता ट्रकवाला. डोंगरातल्या घाटांत एका हाताने ट्रक चढवणारा हा गडी कमरेएवढ्या पाण्यात मात्र कठड्याला घोरपडीसारखा चिकटलेला असायचा. ‘‘त्यांचा पत्ता दिलाय का कुठे? फोन नंबर?’’

बाईंनी ते पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. पत्ता नव्हता, नंबरही नव्हता.

‘‘घेतलेल्यांनी काय लिहिलंय?’’ निवृत्त ग्रंथपाल आजींनी विचारलं. त्या पाठीवर निवांत तरंगत होत्या.

‘‘‘अतिशय सुंदर वस्तू, मी खूश आहे.’ खालचाही तेच म्हणतोय. त्याच्या खालचाही तेच. अगं बाई, सगळे एकाच शाळेत शिकले की काय!’’

‘‘आणि पैसे?’’ ट्रकवाल्याने विचारलं.

‘‘आधीच पाठवायचे, सगळे. सायकल दारात आल्यावर द्यायची सोयच नाही.’’

मग आजींनी दुकानाचं नाव अक्षर अक्षर करून वाचायला लावलं. एका मोठ्या, नावाजलेल्या दुकानाच्या नावात गुपचूप एक जादाचं अक्षर घुसवलेलं निघालं. दालनभर हशा पिकला. त्या गडबडीत ट्रकवाल्याच्या लक्षात आलं, की पलीकडच्या काठावर बाईंच्या हातातला फोन बघायच्या नादात आपण कठडा सोडून तलावाच्या मध्यावर येऊन उभे आहोत. त्याने आधी किंकाळी फोडली, मग स्वतःच टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुद्दाम बघितलं. ‘फक्त आज’ होतंच, आणि सायकलीही तीनच शिल्लक होत्या. आठवडाभर त्या तीन काही संपेनात. शेवटी बाईंनी चौकातल्या दुकानातून, दोन चकरा मारून बघून, थोडी जास्त किंमत देऊन सायकल घेतली.

आता आपल्याला कोण फसवतंय, अशा थाटात त्या वावरू लागल्या. आणि नेमकं तेव्हाच घडलं ते.

दुपारची वेळ होती. रात्रपाळी करून आलेला नवरा आतल्या खोलीत झोपला होता. या एका वेळी भोंग्याची मांजर व्हायची. बाई स्वयंपाकघरात चवड्यांवर चालत, भांडंसुद्धा दोन्ही हातांनी ठेवत. फोन थरथरला. अनोळखी नंबरावरून निरोप होता. त्यांनी तो न बोलता वाचला.

‘प्रिय आई, माझा फोन पाण्यात पडला. हा उसन्या फोनचा नंबर. बोलता येत नाही, आवाज जात नाही. नवा फोन घ्यायचा आहे, दुकानात उभा आहे. कृपया लगेच पैसे पाठव. खाते क्रमांक खाली.’

लेक परगावी इस्पितळात परिचारक होता. परक्या गावात फोनशिवाय! दुकानात ताटकळत! सायकलीच्या वेळचं सगळं शहाणपण चुलीत गेलं. त्यांनी बँकेचं पान उघडलं आणि खाते क्रमांक उतरवायला घेतला.

पण आकडे काही त्यांना मुक्याने उतरवता येईनात. ‘‘सात... शून्य... शून्य... चार...’’ असं करता करता आवाज चढला आणि आतली खाट करकरली.

‘‘काय गं, कुणाला मोजतेस?’’ डोळे चोळत नवरा दारात आला.

‘‘अहो, आपल्या पोराचा फोन पाण्यात पडलाय!’’ आता झोपमोड झालीच होती, म्हणून बाईंनी अख्खा निरोप नेहमीच्या आवाजात वाचून दाखवला. ‘‘‘प्रिय आई...’’’

आणि त्या थांबल्या. पुन्हा वाचलं. ‘‘‘प्रिय आई’?’’

पोरगं जन्मात त्यांना ‘प्रिय आई’ म्हणालं नव्हतं. तो त्यांना ‘कॅप्टन’ म्हणायचा. आणि ‘कृपया’? घरात हा शब्द कुणी वापरला असता तर त्याचा ताप बघितला असता.

‘‘जुन्या नंबरावर लाव की,’’ नवरा जांभई देत म्हणाला.

दुसऱ्याच घंटीला उत्तर आलं. ‘‘बोला कॅप्टन!’’

‘‘मेल्या, तुझा फोन पाण्यात पडलाय ना?’’

‘‘मग आता मी काय तलावाच्या तळातून बोलतोय?’’

फोन पाण्यात नव्हता, पण बाईंचा जीव मात्र भांड्यात पडला. त्या एवढ्या हसल्या, की शेजारीण खिडकीतून विचारू लागली. त्या भामट्याला चार शेलक्या शब्दांत उत्तर द्यायचं त्यांच्या अगदी ओठांवर होतं.

‘‘नको,’’ नवरा म्हणाला. ‘‘चिखलात दगड मारला की आपल्याच अंगावर उडतो. त्याचा नंबर ब्लॉक कर आणि पोलिसांना कळव.’’

त्यांनी तसंच केलं. मग दोघांनी चहा केला, लेकाला चालू फोनवर समोर बसवलं आणि संध्याकाळपर्यंत गप्पा मारल्या.

दुसऱ्या दिवशी तलावावर बाईंनी काहीही न लपवता सगळं सांगितलं, बोट कुठवर गेलं होतं तेही. ‘‘घाई करणारा निरोप एकट्याने, गुपचूप वाचायचा नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दुसऱ्याच्या कानावर घालायचा. आणि माणूस खरा की खोटा, ते आपल्याकडच्या जुन्या नंबरावरच विचारायचं.’’

तेव्हापासून तासाआधी सगळे आपापले फोन घेऊन काठावर जमू लागले. परवा आजींची पाळी होती. ‘‘‘आपले पार्सल अडकले आहे, पत्ता अपुरा आहे, खालील दुव्यावर थोडे शुल्क भरा,’’’ त्यांनी ठसक्यात वाचलं. ‘‘पण मी काही मागवलंच नाही!’’

‘‘मग अडकू दे की त्याला!’’ ट्रकवाला खोल पाण्यातून ओरडला आणि हसता हसता त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं. हसण्याचा घुमारा छतापर्यंत गेला. बाईंनी जोरात शिट्टी फुंकली.

‘‘पुरे झालं! हसताय काय, पाय मारा!’’