शैलाबाईंचा तिसरा प्रश्न

"हाताला वास येणार नाही, असं काम बघ."

शैलाबाई राऊळ हे वाक्य बावीस वर्षं सांगत आल्या. लालबागच्या एका मराठी शाळेत त्या शिकवत. दहावीच्या मुलांना पुढची वाट दाखवायचं काम त्यांच्याकडे आलं, ते दुसरं कोणी घेईना म्हणून. पुढे शाळेतले वर्ग कमी झाले, शिक्षक कमी झाले, हे काम तेवढं वाढत गेलं.

घोडपदेवला आमच्या गावची खोली आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावातले तीस-चाळीस बाप्ये पाळीपाळीने तिथे झोपत. एक उठून कामावर गेला की त्याच्या उबदार जागेवर दुसरा अंग टाकी. त्यांच्या ट्रंका ठेवायच्या फळ्या अजून भिंतीला आहेत. बाईमाणसाने त्या खोलीत बसायची रीत नव्हती. पण आता तिथे झोपायला माणूसच उरला नाही, तेव्हा शैलाबाईंनी गावकीकडे किल्ली मागितली. त्यांचे वडील गुणाजी लग्नाआधी याच खोलीत राहिलेले. गावाने दोन बैठका घेतल्या, चहा पीत वाद घातला आणि किल्ली दिली. मी डोळ्यांच्या औषधाला परळला येतो तेव्हा त्याच खोलीत उतरतो. म्हणून शनिवार दुपारची बाईंची शाळा मी कोपऱ्यातल्या चटईवरून पाहिली आहे.

मूल आलं की त्या हातात कोरा कागद देत. प्रश्न तीनच. कोणी न सांगता तू काय करत बसतोस? कोणाचं काम तू तासभर उभं राहून पाहिलं आहेस? आणि तिसरा, घरात नाही कोण म्हणेल?

तिसऱ्या उत्तरात ज्याचं नाव असेल त्याला बाई संध्याकाळी जाऊन भेटत. बाप, काका, गावी असलेला आजोबा असेल तर फोनवर. पोरीला नर्सिंगला पाठवा, पोराला चित्रकलेला बसवा, असं बोलून बोलून त्यांचा आवाज बसलेला असे. गुडघ्यांनी तर कधीच दगा दिला होता. जिना चढताना त्या मध्येच थांबत आणि कठड्याला म्हणत, "घे बाबा, थोडा भार तू घे."

पण पोराने यंत्राचं नाव काढलं की बाईंची मान हलायची थांबे. मग ते वाक्य येई. गौतम नावाचा एक मुलगा चाळीतले सगळे पंखे उघडून दुरुस्त करायचा. बाईंनी त्याला कॉमर्सला घातलं. आता तो लोअर परळच्या मॉलमध्ये दिवसभर उभा राहून शर्टांच्या घड्या घालतो आणि सुट्टीच्या दिवशी चाळीतले पंखे दुरुस्त करतो. वाटेत दिसला की हसून म्हणतो, "बाई, पिशवी द्या इकडे, मी सोडतो घरापर्यंत."

"एकदा शिव्या दिल्या असत्या पोराने, तर बरं वाटलं असतं हो दादा," बाई मला म्हणाल्या होत्या.

गेल्या जूनमधली गोष्ट. दहावीचा निकाल लागून गेला होता. खोलीत सात-आठ मुलं होती. करी रोडची दर्शना परब सगळ्यांत शेवटी कागद घेऊन आली. बाईंनी चष्मा सारखा करून वाचलं. न सांगता काय करते, तर बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली की मेकॅनिकच्या मागे जाऊन उभी राहते. कोणाचं काम पाहिलं, तर त्याचंच. घरात नाही कोण म्हणेल, याच्यापुढे लिहिलं होतं, "घरात कोणी नाही. तुम्ही."

मागची पोरं खुसखुसली. "मेली ही आता," एक जण पुटपुटला.

"हे काय लिहिलंयस?"

"खरं लिहा असं तुम्हीच बोलता ना, बाई." दर्शनाचे कान लाल झाले होते, पण ती हलली नाही. "दिवाळीत बोलले होते मी तुम्हाला. आयटीआयला लिफ्टचा कोर्स आहे. तुम्ही बोललात, लिफ्टच्या खड्ड्यात उतरणार काय तू?"

"मग घरच्यांना सांग. माझी अडचण कसली?"

"पप्पा बोलतात, शैलाबाई हो बोलल्या तरच सही करणार. आणि सोमवारी फॉर्मची लास्ट डेट आहे."

बाईंनी कागदाची घडी घातली. कामाची जागा पाहिल्याशिवाय त्यांनी कोणाला कुठे पाठवलं नव्हतं, आणि नकोही म्हटलं नव्हतं. फक्त यंत्रांची जागा त्यांनी कधी पाहिली नव्हती. ती आपल्याला ठाऊकच आहे, असं त्या धरून चालल्या होत्या.

"उद्या सकाळी येते," त्या म्हणाल्या.

मुलं गेल्यावर त्या फळीखाली टेकून बसल्या. बोलल्या त्या माझ्याशी, पण बघत होत्या वरच्या फळीकडे. गुणाजी गिरणीतून आले की त्यांच्या हातांना तेलाचा वास यायचा. सोड्याने घासले तरी जायचा नाही. लहानपणी बाई त्यांच्या हातचा घास घेत नसत, तोंड फिरवत. मग संप झाला, गिरणी बंद पडली. वर्षभराने बाप हात पुढे करून म्हणाला, "शैले, आता बघ, येतो वास? तू मात्र असं काम बघ की हाताला वास येणारच नाही." पोरीने ते मनावर कोरून घेतलं.

"त्यांचे हात स्वच्छ झाले त्याच वर्षी आईने दोन घरची धुणी धरली," बाई म्हणाल्या. "हे मला ठाऊक होतं हो. दोन्ही गोष्टी कधी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत, एवढंच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाही सोबत घेतलं. जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या दर्शनाच्या उंच इमारतीत लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जात होती. वर गच्चीकडे अरुंद जिना. बाई तीनदा थांबल्या. यंत्राच्या खोलीच्या लोखंडी दारापाशी यतीन मेकॅनिक महिन्याची तपासणी करत होता.

"साडी सांभाळा, मॅडम. आणि ह्या पोरीला तुम्ही घेऊन जा बघू. मी मागायच्या आधी पाना हातात देते. माझी नोकरी खाणार ही."

"बायका असतात या कामात?"

"आहेत ना. आमच्याकडे दोघी आहेत. खड्ड्यात उतरायला लागतं, खोटं कशाला बोलू? पण शिकून उतरलं तर भीती नाही. न शिकता उतरणारे मरतात."

दर्शना दारातूनच बोट दाखवत होती. ही मोटर, हा दोर, हा ब्रेक, वीज गेली की हा आपोआप धरतो. शाळेत फळ्यापुढे तिचा आवाज कधी एवढा मोकळा झाला नव्हता. बाई ऐकत होत्या की नाही कोण जाणे. त्यांनी दाराच्या कडीला धरलं होतं आणि खोल श्वास घेतला होता. आतून तेलाचा वास येत होता.

परत येताना चौदाव्या मजल्यावर दर्शनाचे वडील अभय दार उघडून उभे होते. बाई आत न जाता म्हणाल्या, "सही करा. इतके दिवस मीच आडवी येत होते."

"नक्की ना, बाई? पोरगी आहे."

"नक्की कशाचंच नसतं, अभय. मी गौतमला नक्की म्हणून सांगितलं होतं. हिला निदान माहीत आहे ती कुठे जातेय."

कडीचं काळं तेल बाईंच्या उजव्या हाताला लागलं होतं. ते दर्शनाच्या आजीने, मीराबाईंनी पाहिलं. "अगे बाय माझे! बाईनू, आत येवा, हात धुवा. साबण देतंय."

"राहू दे, मीराबाई."

"अहो, वास मारतलो!"

"मारू दे," बाई म्हणाल्या.

त्या खाली उतरल्या. गेटपाशी मी म्हटलं, जरा बसा, दमलात. त्यांनी नको म्हणून मान हलवली. आणखी एका मुलीच्या काकाला भेटायचं होतं, घोडपदेवला. उजवा हात साडीपासून थोडा दूर धरून, डाव्या हाताने पिशवी सावरत, त्या उन्हातून संथ चालत निघाल्या. वर चौदाव्या मजल्याच्या खिडकीत दोघी वाकून पाहत होत्या, दर्शना आणि तिची आजी असाव्यात. मला अंधुकच दिसतं, तरी वळणापर्यंत मीही पाहत राहिलो.