आमच्या टीव्हीतली फिकी सावली

काल मन्मथच्या अंत्ययात्रेत मी माणसं मोजत होतो.

माझ्या वेळी एवढी येतील का, म्हणून.

अर्ध्यात सोडून दिलं. हेवा वाटायला लागला.

मत्सर हा षड्रिपूंतला सहावा. संस्कृत पाठशाळेत सगळे पाठ केलेत. पहिल्या पाचांचा जोर वयानुसार ओसरला. सहावा अजून ठणठणीत आहे, आणि त्याचं सगळं श्रेय मन्मथला.

ताडकळसचा मन्मथ. टीव्ही मेकॅनिक. नाव मदनाचं, आणि हातात कायम सोल्डरिंगची कांडी.

लहानपणी गल्लीत टीव्ही एकच, आमच्या घरी. ब्लॅक अँड व्हाइट, शटरवाला. मन्मथ बघायला यायचा, पण त्याला बघायला फारसं कधी मिळालं नाही. माळवदावर चढून अँटेना फिरवायचं काम त्याचं, कारण त्याच्याच हाताला चित्र यायचं.

मी खिडकीत बसून निकाल सांगायचो. वडील माझ्याकडून श्लोक घोकून घ्यायचे, म्हणून मी 'पंडित'. पंडितानं माळवदावर चढायचं नसतं.

"आलं का रं पंडिता?"

"गेलं! मुंग्या आल्या! उलटं फिरव!"

एका रविवारी मॅचची शेवटची ओव्हर. वरून हाक आली, "आलं का?"

आलं नव्हतं. प्रत्येक खेळाडूच्या उजव्या अंगाला त्याचीच एक फिकी सावली उभी होती. पण अजून फिरवत बसलो असतो तर ओव्हर गेली असती.

मी ओरडलो, "आलं! बांध!"

त्यानं तारेनं आवळून बांधलं. त्या गाठीला गंज चढला, ती पुन्हा सुटली नाही. पुढं कित्येक वर्षं आमच्या घरानं बातम्या सांगणारी बाई दुहेरी बघितली. वडील सरकारला दोष देत राहिले.

मग चपटे टीव्ही आले आणि मन्मथचं दुकान ओस पडलं. मला वाटलं, चला, आता हा आपल्या पातळीवर आला.

कसलं काय. पंचेचाळिशी उलटल्यावर हा गडी व्हिडिओ बघून बघून प्रोग्रामिंग शिकला.

आणि बनवलं काय? आजच्या लख्ख कॉम्प्युटर स्क्रीनवर जुना टीव्ही.

काहीही लावा. चित्रावर बारीक आडव्या रेघा येतात. कडा काचेसारख्या फुगतात. रंग थोडे बाहेर सांडतात. पांढरं काही हललं की मागं उजेडाची शेपूट रेंगाळते. बंद केलं की सगळं चित्र आक्रसून मधोमध एक ठिपका होतं, आणि मग तोही विझतो.

मी म्हणालो, "लोक चित्र स्वच्छ करायला मरायलेत, आन तू घाण करायलास?"

"घाण न्हाई रं. जुने गेम ह्याच काचेसाठी काढलेले हायत. नव्या स्क्रीनवर नुसते चौकोन दिसतेत. ह्याच्यात बघ, तोंडावर हसू दिसायलंय."

खरंच दिसत होतं. मला फार राग आला.

पोथ्यांतले दोष काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हा माणूस दोष जसेच्या तसे परत बसवत होता, आणि त्याला परदेशातून आभाराच्या मेल येत होत्या. मला पेपरच्या डेस्कवरून एकच मेल येते, 'मथळा लहान करा'.

त्याच्या प्रोग्राममध्ये निरनिराळ्या टीव्हींची यादी होती. सगळ्यात खाली नाव होतं, 'पंडिताचं घर'.

मी क्लिक केलं.

पडद्यावरच्या प्रत्येक माणसाच्या उजव्या अंगाला एक फिकी सावली.

"तुला माहीत होतं?"

"खाली उतरून बघितलं तवाच."

"मग सोडून नीट का बांधलं नाहीस?"

"तू आलं म्हणलास की."



वर लोकांना सगळ्यात जास्त आवडलं तेच. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं माझं खोटं डाउनलोड करत होती, आणि नाव मन्मथचं!

त्यानं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली.

"पेपरात टाक की रं. आई रोज इचारती, दिवसभर त्या खोलीत काय करायलास म्हणून. सांगून पटंना तिला. पेपरात आलं की पटंल."

त्याच्या आईला, गिरजाकाकूंना, वाचता येत नाही, पण पेपरवर त्यांचा फार विश्वास.

मी वार्ताहर. नाली तुंबली तरी बातमी देतो. मन्मथची बातमीही लिहिली. चांगली झाली.

म्हणूनच पाठवली नाही.

दर आठवडी बाजारात तो गाठायचा. "आलं का रं?"

"साहेबांच्या टेबलावर आहे."

माझ्या मोबाइलमध्ये होती. आठ महिने.

परवा दुपारी दुकानात त्याच्या छातीत कळ आली. परभणीला नेईपर्यंत संपलं होतं.

आज त्याचं नाव पेपरात आलं. चार ओळी. नाव, वय, गाव, 'लिंगैक्य झाले', मागं आई-पत्नी-मुलगी. मीच पाठवल्या. ह्या मात्र तासाभरात.

सकाळी अंक घेऊन घरी गेलो. काकूंनी कागदावरून हात फिरवला.

"पंडिता, त्याचं त्या खोलीतलं काम लिवलंय का ह्यात?"

'आलंय' हा शब्द ओठांवर आला होता. सवयीचा आहे.

"नाही काकू. मी पाठवलंच नव्हतं. जळत होतो त्याच्यावर."

काकू म्हणाल्या, "ठावं होतं त्याला. म्हणायचा, पंडित जळायलाय म्हंजी काम चांगलं झालंय."

मग अंकाची घडी घालून माझ्या हातात दिली. "आता तरी धाड."

धाडली. तिथंच, त्यांच्यासमोर बसून. छापतील का, माहीत नाही.

मन्मथ, इथंही तूच पुढं गेलास. तुला मत्सरपूर्ण श्रद्धांजली.

अजून आलेलं नाही. अँटेनावरचा हात सोडू नकोस.

आलं की हाक मारतो. या वेळी खरंच आलं की.